जादूचा कंदील : भयापासून सेवेपर्यंत

भिंत मुळांत बांधली जाते ती माणसांस एकमेकांपासून अलग करण्यासाठीं. घर आणि रस्ता, किल्ला आणि शत्रु, कारखाना आणि वस्ती यांच्यामध्यें ती मुकाट्यानें उभी असते. परंतु गेल्या साडेतीनशें वर्षांत एका लहानशा उपकरणानें याच भिंतीकडून नेमकें उलट काम करवून घेतलें आहे. दिवसां जी भिंत लोकांस अडवीत होती तिच्याच समोर ते रात्रीं गोळा झाले, एकाच चित्राकडे डोळे लावून उभे राहिले, आणि परत जातांना शेजारच्या अनोळखी माणसाशीं दोन शब्द बोलून गेले. या उपकरणास इंग्रजींत मॅजिक लँटर्न म्हणतात. मराठींत त्यास जादूचा कंदील हें नांव मिळालें.

या कंदिलाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. कारण यंत्राची मूळ रचना फारशी न बदलतां त्याचा उपयोग मात्र पिढीगणिक बदलत गेला. त्यानें प्रथम लोकांस भेडसावलें, मग रिझविलें, मग शिकविलें. संकटकाळीं त्यानें टपालवाल्याचें काम केलें. आणि अखेर ज्यांचें म्हणणें कोणी ऐकून घेत नव्हतें अशांस त्यानें वाचा दिली. कंदिलामागें कोण उभा आहे आणि भिंतीवर कोणाचा चेहरा दिसत आहे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर त्या त्या काळांतील त्याची योग्यता ठरत आली आहे.

कंदिलाची रचना समजण्यास सोपी आहे. एका बंद पेटींत दिवा असतो. त्याच्या मागें अंतर्गोल आरसा व पुढें जाड बहिर्गोल भिंग बसविलेलें असतें; या दोहोंच्या योगानें विखुरणारा प्रकाश एकवटून कांचेच्या पट्टीवर पडतो. पट्टीवर पारदर्शक रंगांनीं चित्र काढलेलें असतें, आणि ती पेटींत उलटी सारावी लागते, कारण पुढचें भिंग प्रतिमा पुन्हां उलटी करतें. हें भिंग मागेंपुढें सरकविलें म्हणजे पडद्यावरील चित्र स्पष्ट होतें. यांत अडचण एकच आहे. कंदील पडद्यापासून दुप्पट दूर नेला तर चित्राची लांबी व रुंदी दुप्पट होते, म्हणजे क्षेत्रफळ चौपट होतें. आणि तितकाच प्रकाश चौपट जागेंत पसरल्यामुळें चित्राचें तेज चतुर्थांश उरतें. म्हणून मेणबत्तीच्या काळांत चित्राची मजल खोलींतील एका चादरीपलीकडे जात नसे. तेलाचा सुधारलेला दिवा, ज्वाळेंत तापविलेल्या चुन्याच्या खड्याचा शुभ्र प्रकाश, विजेची कमान आणि त्यानंतरचे झेनॉन वायूचे दिवे अशा पायऱ्यांनीं प्रकाशाचें बळ वाढत गेलें. तसतसें चित्रही खोलींतून सभागृहांत, सभागृहांतून चौकांत, आणि चौकांतून थेट डोंगराच्या कड्यावर जाऊन पोहोंचलें.

हा कंदील प्रथम बनविण्याचें श्रेय आतां सामान्यतः क्रिस्तिआन हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञास दिलें जातें. शनीच्या कड्याचें स्वरूप उलगडणारा आणि लंबकाचें घड्याळ सिद्ध करणारा हा थोर पुरुष. सन १६५९ मध्यें त्यानें आपल्या टिपणवहींत कांहीं लहान आकृत्या काढल्या. त्यांत एक मानवी सांगाडा आपली कवटी मानेवरून उचलतो, हातांत घेतो आणि पुन्हां जागेवर ठेवतो. हॉल्बाइन या चित्रकाराच्या मृत्युनृत्याच्या चित्रमालेवरून घेतलेल्या या आकृत्या कंदिलांतून दाखविण्यासाठीं होत्या. मौज अशी कीं खुद्द हॉयगेन्सला आपल्या या निर्मितीची लाज वाटत असे. सन १६६२ मध्यें त्याच्या वडिलांनीं फ्रान्सच्या दरबारीं दाखविण्यासाठीं असा कंदील मागविला, तेव्हां त्यानें आपल्या भावास पत्र लिहून सुचविलें कीं भिंग काढून ठेवावें, म्हणजे तें यंत्र चालणार नाहीं. असलें खेळणें आपल्या घराण्यांतून निघालें हें लोकांस कळणें त्यास कमीपणाचें वाटत होतें. ग्रहांचा वेध घेणाऱ्या माणसास भिंतीवर सांगाडे नाचविणें हलकें वाटावें, यांत नवल नाहीं.

परंतु जग त्या यंत्रावर लुब्ध झालें. टॉमस वाल्गेनस्टाइन या डेन्मार्कच्या गणितज्ञानें तो कंदील युरोपांतील शहरोशहरीं मिरविला. पुढें फ्रेंच राज्यक्रांतीच्या रक्तपातानंतर, सन १७९८ मध्यें, रॉबर्टसन या नांवानें प्रसिद्ध झालेल्या एका गृहस्थानें पॅरिसमध्यें भुतांचे खेळ सुरू केले, आणि लवकरच ते एका ओस पडलेल्या मठांत नेले. त्याचा कंदील चाकांवर बसविलेला असे व पडद्याच्या मागून चालविला जाई. कंदील मागें सरकला कीं पिशाच मोठें होऊन प्रेक्षकांच्या अंगावर धांवून येत आहे असा भास होई. ज्या शहरानें नुकतीच हजारों माणसें वधस्तंभाकडे जातांना पाहिलीं होतीं, तें शहर आपल्याच मृतांच्या छाया पाहण्यासाठीं पैसे मोजून अंधारांत बसत होतें. कंदिलानें लोकांस एकत्र आणलें हें खरें. परंतु तें भयाच्या दोरीनें बांधून आणलें.

त्याच पॅरिसनें पाऊणशें वर्षांच्या आंत या कंदिलाचें दुसरें रूप पाहिलें. सप्टेंबर १८७० मध्यें प्रशियाच्या सैन्यानें शहरास वेढा घातला. तारा तोडल्या गेल्या, रस्ते अडविले गेले, आणि सुमारें वीस लाख माणसें बाहेरच्या जगास पारखीं झालीं. शहरांतून बाहेर पत्रें पाठविण्यासाठीं वायूनें भरलेलीं विमानें, म्हणजे बलून, सोडतां येत. परंतु बलूनास हवें तिकडे वळवितां येत नाहीं, म्हणून बाहेरून शहरांत परत येणें त्यांस अशक्य होतें. गांवीं पाठविलेलीं मुलें सुखरूप आहेत कीं नाहींत, आजारी आई जिवंत आहे कीं नाहीं, आघाडीवर गेलेल्या भावाचें काय झालें, हें कळण्याचा मार्गच बंद झाला. वेढ्यांत भूक जितकी छळते तितकेंच हें न कळणेंही छळतें.

यावर जो तोडगा निघाला तो आजही ऐकणाऱ्यास थक्क करतो. रने दाग्रों नांवाचा एक छायाचित्रकार मोठ्या लेखाचें अतिसूक्ष्म छायाचित्र घेण्याच्या कलेंत निष्णात होता. १२ नोव्हेंबर १८७० रोजीं तो आपल्या साहित्यासह बलूनमधून पॅरिसबाहेर पडला. त्याच्या बलूनचें नांव नीएप्स आणि सोबतच्या दुसऱ्या बलूनचें नांव दागेर. छायाचित्रणकलेच्या दोघां आद्य पुरुषांचीं हीं नांवें. दागेर शत्रूच्या हातीं सांपडलें. नीएप्सही शत्रूच्या टापूजवळच उतरलें, बरेंचसें साहित्य गमवावें लागलें, आणि दाग्रों कसाबसा निसटून तूर या गांवीं पोहोंचला. तेथें देशभरांतून आलेले निरोप छापून त्या कागदांचीं सूक्ष्म छायाचित्रें झिरझिरीत पापुद्र्यांवर घेतलीं जाऊं लागलीं. एका पापुद्र्यावर हजारों शब्द मावत, आणि त्याचें वजन ग्रॅमच्या विसाव्या हिश्शाइतकें भरे. असे अनेक पापुद्रे गुंडाळून पिसाच्या पोकळ नळींत भरीत, ती नळी कबुतराच्या शेंपटीच्या पिसास बांधीत, आणि पॅरिसमध्यें वाढलेलें तें कबूतर घराच्या ओढीनें वेढा ओलांडून आंत येई. सोडलेल्यांपैकीं थोडींच कबुतरें पोहोंचत. थंडी, वादळ, ससाणे आणि बंदुका यांतून वांचणें सोपें नव्हतें. म्हणून तोच पापुद्रा अनेक कबुतरांबरोबर पुनःपुन्हां पाठवीत.

कबूतर पोहोंचलें म्हणजे कंदिलाचें काम सुरू होई. पापुद्रा दोन कांचांमध्यें ठेवून विजेच्या दिव्यानें त्याची मोठी प्रतिमा पडद्यावर पाडीत. समोर कारकून ओळीनें बसून निरोप उतरून घेत, आणि मग ते निरोप साध्या टपालानें घरोघर जात. या मार्गानें सुमारें दीड लाख सरकारी व दहा लाख खासगी संदेश पाठविले गेल्याचें सांगतात. ज्या शहरांत रॉबर्टसनच्या कंदिलानें मेलेल्यांच्या छाया दाखविल्या, त्याच शहरांत आतां तो जिवंत आप्तांची खुशाली दाखवीत होता. त्या पडद्यावर ना रंग होते ना चमत्कार. होत्या नुसत्या अक्षरांच्या ओळी. तरीसुद्धां कंदिलानें तोंवर दाखविलेल्या साऱ्या चित्रांत याहून हृदयंगम चित्र झालें नसावें.

यानंतर कंदील अमेरिकेंतील दारिद्र्याच्या अंधारांत शिरला. जेकब रीस हा सन १८४९ मध्यें डेन्मार्कमध्यें जन्मलेला मनुष्य एकवीस वर्षांचा असतांना पोट भरण्यासाठीं न्यूयॉर्कला आला. उपासमार सोसली, पोलिसांच्या गलिच्छ आश्रयस्थानांत रात्री काढल्या, आणि पुढें वृत्तपत्राचा पोलीस बातमीदार झाला. रात्रपाळीच्या फेऱ्यांत त्यास शहराच्या चाळींतलें जिणें दिसे : एका कोंदट खोलींत दहा-बारा माणसें, खिडकी नाहीं, हवा नाहीं, आणि मुलांच्या मृत्यूची नोंद करण्यापलीकडे कोणास सवड नाहीं. त्यानें लिहिलेलें लोक वाचीत आणि विसरत. सन १८८७ च्या सुमारास क्षणांत पेटून लखलखाट करणाऱ्या भुकटीचा शोध त्याच्या कानीं आला, आणि अंधाऱ्या खोलीचें छायाचित्र घेणें शक्य झालें. जानेवारी १८८८ मध्यें त्यानें न्यूयॉर्कमध्यें या छायाचित्रांच्या कांचा कंदिलांतून दाखवून व्याख्यान दिलें. पुढें प्रार्थनामंदिरांतून व सभागृहांतून तो हीं व्याख्यानें देत राहिला, आणि सन १८९० मध्यें त्याच विषयावरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

सुखवस्तु कुटुंबें मऊ आसनांवर बसलेलीं, आणि समोर माणसाएवढीं चित्रें : रस्त्याच्या जाळीवर एकमेकांस बिलगून झोंपलेलीं पोरें, शिवणाच्या ढिगांत बसलेल्या बायका. छापील मजकूर मिटवून ठेवतां येतो. अंधाऱ्या सभागृहांतील चित्रापासून तोंड फिरविणें अवघड जातें. या व्याख्यानांचा व लेखांचा परिणाम झाल्यावांचून राहिला नाहीं. मलबेरी बेंड नांवाची अत्यंत कुप्रसिद्ध वस्ती पाडून सन १८९७ मध्यें तेथें बाग खुली झाली. आणि थिओडोर रूझवेल्ट हे शहराचे पोलीस आयुक्त असतांना पोलिसांचीं तीं आश्रयस्थानें बंद झालीं.

परंतु न्यायबुद्धीनें पाहतां रीसच्या कार्यास एक उणी बाजू आहे. रात्रीं अवचित दार ढकलून, झोंपेंत असलेल्या माणसांवर लखलखाट करून त्यानें कित्येक चित्रें घेतलीं. त्या माणसांस कोणी विचारलें नव्हतें. इटालियन, ज्यू, चिनी अशा परकीय वस्त्यांविषयीं त्याची लेखणी पुष्कळदां तुच्छतेनें चाले. पडद्यावर गरीब दिसत होता, पण बोलत होता रीसच. दयेच्या प्रकाशांतही ज्याच्यावर दया करावयाची तो मुकाच राहिला. कंदिलाच्या इतिहासांत हा प्रश्न पुढें शंभर वर्षें तसाच पडून होता.

महाराष्ट्रास हा कंदील परका वाटण्याचें कारण नव्हतें. कुडाळाजवळच्या पिंगुळी गांवच्या ठाकर मंडळींनीं चित्रकथीच्या पोथ्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ पिढ्यान् पिढ्या सांभाळला आहे. पांढऱ्या कापडामागें दिवा, दिवा आणि कापड यांमध्यें बाहुली, आणि सोबत रामकथेचें गायन, अशी त्या खेळाची मांडणी. सन १८९२ मध्यें कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं विलायती कंदिलास याच परंपरेची जोड दिली. आपल्या पुत्रांच्या साहाय्यानें त्यांनीं कांचांवर हातानें चित्रें रंगविलीं आणि त्या प्रयोगास शांबरिक खरोलिका असें नांव दिलें. शांबरी म्हणजे माया. शंबरासुराच्या मायावी विद्येचा त्यांत निर्देश आहे. रामायण-महाभारतांतील प्रसंग आणि सर्कशींतील कसरती हे त्यांचे विषय. कांचा झटपट सरकवून चित्रांतील पात्रें हालतात असा भास ते निर्माण करीत. निवेदन, संवाद व संगीत यांची साथ असे. मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं ल्यूमिएर बंधूंचा चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. त्याच्या चार वर्षें आधींच कल्याणचें हें कुटुंब पडद्यावर चित्रें हालवीत होतें. त्यांच्या हातच्या रंगविलेल्या कांचा आजही जतन केलेल्या आहेत.

या प्रयोगाचें मराठी वळण लक्षांत घेण्याजोगें आहे. युरोपांतील प्रेक्षक भुतें पाहण्यास जमला. येथील प्रेक्षक परिचित कथा पुन्हां पाहण्यास जमला. पुढें काय होणार हें सर्वांस ठाऊक असतें आणि तरीही सारे मिळून तें पाहतात, हा कीर्तनाचा आनंद आहे. कंदील येथें जणूं बुवांचा टाळकरी झाला. पुढें समाजसेवकांनींही त्यास हाताशीं धरलें. नारायण मल्हार जोशी यांच्या पुढाकारानें सन १९११ मध्यें मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग स्थापन झाली. तिनें गिरणगांवच्या कामगारांसाठीं रात्रीच्या शाळा व फिरतीं वाचनालयें चालविलीं, तशींच आरोग्यादि विषयांवर कंदिलाचीं व्याख्यानेंही करविलीं. अक्षर न ओळखणाऱ्या माणसास माशी आणि रोग यांचा संबंध चित्रानें जितका पटे तितका शब्दानें पटत नसे.

चलच्चित्रपट आला आणि जुना कंदील माळ्यावर गेला. परंतु प्रकाशानें वास्तूवर लिहिण्याची कल्पना मेली नाहीं. सन १९५२ मध्यें फ्रान्समधील शांबोर येथील राजवाड्यावर प्रकाश व ध्वनि यांच्या योगानें इतिहास सांगण्याचा प्रयोग झाला, आणि त्याचें अनुकरण देशोदेशीं झालें. तेथें बोलत होते ते राजे आणि त्यांचे वाडे. सामान्य माणसाचा चेहरा अशा वास्तूवर चढण्यास आणखी कांहीं काळ जावा लागला.

तें काम ज्यानें मुख्यतः केलें तो क्शिश्तोफ वोदिच्को हा पोलंडमधील वॉर्सा येथें सन १९४३ मध्यें, महायुद्धाच्या ऐन वणव्यांत, जन्मलेला कलावंत. पुढें तो कॅनडांत व मग अमेरिकेंत स्थायिक झाला. स्मारकें आणि सरकारी इमारती यांवर बलवान दिव्यांनीं प्रचंड चित्रें पाडणें हा त्याचा उद्योग. सन १९८५ मध्यें लंडनच्या ट्रफाल्गार चौकांत परवानगी एका चित्राची असतां त्यानें दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीवर नाझींचें स्वस्तिक झळकविलें. वर्णद्वेषी राजवटीचा तो निषेध होता. हीं आरंभींचीं चित्रें टीकेचीं होतीं, आणि टीका करणारा कलावंत एकटाच होता. पुढें त्याची दृष्टि बदलली. स्मारकावर आपलें मत रंगविण्यापेक्षां ज्यांस स्मारकासमोर उभें राहून बोलण्याची सोय नाहीं त्यांसच तें देऊन टाकावें, असा मार्ग त्यानें धरला.

सन १९९८ च्या सप्टेंबरांत बोस्टन शहराच्या चार्ल्सटाउन भागांत बंकर हिलच्या स्मारकावर याची प्रचीति आली. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांतील सन १७७५ च्या लढाईचें हें स्मारक म्हणजे २२१ फूट उंचीचा दगडी स्तंभ. त्याच्या पायथ्याच्या वस्तींत कित्येक वर्षें तरुणांचे खून पडत होते, आणि बहुतेक खुनांचा छडा लागत नव्हता. कारण पाहिलें तरी सांगावयाचें नाहीं असा तेथील अलिखित दंडक. ज्यांचे मुलगे गेले त्या माता गप्प होत्या, शेजारीही गप्प होते. वोदिच्कोनें त्या मातांचें व आप्तांचें बोलणें चित्रध्वनिबद्ध केलें, आणि रात्रीं तें स्तंभावर अशा रीतीनें पाडलें कीं वर चेहरा, खालीं हात, आणि मधला सारा स्तंभ म्हणजे जणूं त्या स्त्रीचा देह. देशाच्या स्वातंत्र्यासाठीं उभारलेला दगड आपल्या मुलाची हकीकत सांगूं लागला. खालीं जमलेल्या शेजाऱ्यांस मान वर करून ऐकावें लागलें. जी गोष्ट उंबरठ्यावर बोलण्याची चोरी होती ती २२१ फूट उंचीवरून बोलली गेली, हेंच त्या प्रयोगाचें सामर्थ्य.

त्यानंतरच्या वर्षीं, ७ व ८ ऑगस्ट १९९९ रोजीं, तो जपानांतील हिरोशिमा येथें होता. ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबनंतर भग्नावस्थेंत उभी राहिलेली घुमटाची इमारत तेथें नदीकांठीं जपून ठेवली आहे. दरवर्षीं स्मृतिदिनाच्या संध्याकाळीं लोक मृतांच्या नांवें कागदी दिवे नदींत सोडतात. वोदिच्कोनें त्या घुमटाखालील नदीच्या दगडी कांठावर चेहरे दाखविले नाहींत. फक्त हात दाखविले. बाँबांतून वांचलेल्या वृद्धांचे, कोरियांतून आणल्या गेलेल्या कुटुंबांतील माणसांचे, नंतर जन्मलेल्या तरुणांचे हात. ते हात बोलतांना उघडत, मिटत, एकमेकांत गुंतत; आणि त्यांचें प्रतिबिंब पाण्यांत थरथरत असे. वर मोडका घुमट डोक्यासारखा, खालीं हात, आणि ध्वनिक्षेपकांतून येणारा आवाज : इमारत जणूं बसून आपली कथा सांगत होती. ज्यांनीं आपल्या मुलांसही पन्नास वर्षें कांहीं सांगितलें नव्हतें अशा पिढीच्या बाबतींत हाताची भाषा निवडण्यांत मोठा विवेक होता. चेहऱ्यास लाज असते. हात नकळत खरें बोलून जातो.

याहूनही धाडसाचा प्रयोग फेब्रुवारी २००१ मध्यें मेक्सिकोंतील तिहुआना या सरहद्दीवरच्या शहरीं झाला. तेथील परदेशी मालाचे सुटे भाग जोडणाऱ्या कारखान्यांत हजारों तरुण स्त्रिया राबतात. वोदिच्कोनें कॅमेरा व ध्वनिग्राहक बसविलेलें एक शिरस्त्राण तयार करविलें. तें डोक्यास लावून स्त्रिया भर चौकांत, लोकांच्या देखत, स्वतः बोलल्या. आणि त्याच क्षणीं त्यांचा चेहरा सांस्कृतिक केंद्राच्या विशाल गोल घुमटावर उमटत होता. कारखान्यांतील पिळवणूक, घरांतील मारहाण, पोलिसांचा जाच असें सारें त्यांनीं सांगितलें. येथें आधीं टिपून ठेवलेलें चित्र नव्हतें. बोलणारी बाई आणि तिचें भिंतीवरील रूप एकाच वेळीं समोर होतीं. रीसच्या काळापासून पडून असलेल्या प्रश्नाचें हें उत्तर म्हणतां येईल. गरिबाच्या दारांत लखलखाट करणारा पाहुणा जाऊन गरीबच कंदिलामागें येऊन उभा राहिला.

अशा प्रयोगांत धोका नाहीं असें नाहीं. भर चौकांत आपलें दुःख उघडें करणाऱ्या स्त्रीस दुसऱ्या दिवशीं त्याच कारखान्यांत, त्याच घरांत जावयाचें असतें. दिवा विझतो, पण ऐकणारे विसरत नाहींत. म्हणून बोलण्यापूर्वीं महिनोन् महिने विश्वास जमवावा लागतो आणि कोणीं कितपत सांगावें हें ज्याचें त्यानें ठरवावें लागतें. भिंतीवरील एका रात्रीच्या मागें पुष्कळ दिवसांची मूक सेवा असते. सन २०१२ मध्यें न्यूयॉर्कच्या युनियन चौकांत लिंकनच्या जुन्या पुतळ्यावर वोदिच्कोनें युद्धावरून परतलेले सैनिक व त्यांचे आप्त यांचे चेहरे पाडून त्यांस बोलतें केलें, त्याच्या मुळाशींही दीर्घ मुलाखती होत्या. ज्या राष्ट्राध्यक्षानें यादवी युद्ध पाहिलें त्याच्या ओठांवरून आजच्या सैनिकाची निद्रानाशाची कहाणी ऐकतांना चौकांतून घाईनें जाणारे लोक थबकत होते.

सन २०२० मध्यें महामारीनें सारें जग घरांत कोंडलें, तेव्हां एकत्र जमणेंच अपराध ठरलें. अशा वेळीं प्रकाशचित्रानें पुन्हां पॅरिसच्या वेढ्यांतल्यासारखें काम केलें. स्वित्झर्लंडमधील झेरमाट गांवाच्या माथ्यावर ४,४७८ मीटर उंचीचें मॅटरहॉर्न शिखर आहे. गेरी हॉफस्टेटर या प्रकाशकलावंतानें मार्च महिन्यापासून एप्रिलअखेरपर्यंत रात्रीं त्या शिखराच्या कड्यावर आशेचे व एकजुटीचे शब्द आणि संकटांत सांपडलेल्या देशांचे ध्वज पाडले. एप्रिलांत एके रात्रीं भारताचा तिरंगाही तेथें उमटला. गांव ओस होतें. पाहणारे आपापल्या खिडक्यांतून आणि दूरदेशीं आपापल्या घरांतून पाहत होते. १२ एप्रिल २०२० रोजीं, ईस्टरच्या दिवशीं, ब्राझीलमधील रिओ शहराच्या डोंगरावरील ख्रिस्ताच्या ३० मीटर उंच मूर्तीवर वैद्याचा पांढरा अंगरखा प्रकाशानें चढविला गेला आणि रुग्णसेवकांचीं चित्रें व अनेक देशांचे ध्वज त्यावर झळकले. हात पसरून उभ्या असलेल्या त्या मूर्तीस वैद्याचा वेष किती शोभला हें पाहणाऱ्यांच्या स्मरणांत आहे.

यावर कोणी म्हणेल कीं पर्वतावर ध्वज पाडल्यानें एकही रोगी बरा झाला नाहीं, आणि मूर्तीस अंगरखा घातल्यानें परिचारिकेचें वेतन वाढलें नाहीं. हें म्हणणें खोटें नाहीं. कृतज्ञतेचा प्रकाश स्वस्त असतो. सेवकांस लागणारीं साधनें महाग असतात. ज्या कंदिलानें आज आभार मानले तोच उद्यां साबणाची जाहिरात त्याच भिंतीवर पाडतो, हेंही आपण सर्वत्र पाहतों. आजचीं यंत्रें इतकीं सुधारलीं आहेत कीं इमारतीचें कोपरे, खिडक्या व कमानी मोजून चित्र त्यांवर नेमकें बसवितां येतें; परंतु नजर दिपली म्हणजे मन हालतेंच असें नाहीं. रॉबर्टसनचा पडदाही दिपविणाराच होता.

तथापि पॅरिसच्या कारकुनांनीं उतरून घेतलेल्या ओळी, मलबेरी बेंडच्या जागीं झालेली बाग, गिरणगांवच्या कामगारानें पाहिलेलीं आरोग्याचीं चित्रें आणि चार्ल्सटाउनच्या मातांनीं मोडलेलें मौन हीं एका कंदिलाचीं फळें आहेत. त्या प्रत्येक ठिकाणीं प्रकाशाच्या आधीं कोणीतरी माणसापर्यंत चालत गेलें होतें आणि प्रकाशानंतरही तेथें राहिलें होतें. जेथें तसें घडलें नाहीं तेथें नुसता देखावा झाला, आणि देखाव्यास दुसऱ्या दिवशीं कोणी विचारलें नाहीं.

महाराष्ट्रांतील जुन्या देवळांपुढें दगडी दीपमाळा उभ्या आहेत. त्रिपुरी पौर्णिमेस त्या पाजळल्या म्हणजे साऱ्या गांवास दुरून दिसतात. दीपमाळेस एकच मोठा दिवा नसतो; तिच्या हातांवर लहान लहान पणत्या ठेवाव्या लागतात, आणि त्या ठेवण्यासाठीं माणसांस खालून वर चढावें लागतें. एखादी पणती विझली तर ती शेजारच्या पणतीवरून लावतात. भिंतीवर प्रकाशानें लिहिणाऱ्या नव्या कलेनें एवढी एक जुनी रीत लक्षांत ठेवली, तर तिचें यंत्र कितीही बदललें तरी तिचें काम बिघडणार नाहीं.